चोराचा दगड आणि खांद्यावरचा ग्रंथ

भुताची गोष्ट आणि स्थळाची दंतकथा हे दोन कथनप्रकार लोकसाहित्याच्या विवेचनात पुष्कळदा एकाच दावणीला बांधले जातात. दोहोंत अलौकिक असते, दोहोंत रात्र असते आणि दोहोंचा डोलारा ‘म्हणे’ या एका शब्दावर उभा असतो, एवढे साम्य त्यासाठी पुरेसे मानले जाते. वेल्समधील उभ्या दगडांभोवती साचलेल्या कथांपाशी हे एकत्रीकरण अडखळते. या दगडांना रात्री चालता येते, नदीवर जाऊन पाणी पिता येते, क्वचित पोहताही येते. त्यांच्यात शापित आत्मे कोंडलेले आहेत असेही सांगितले जाते. पण ‘मी पाहिले’ असे म्हणणारा माणूस या कथांत सहसा आढळत नाही. साक्षीदाराची ही अनुपस्थिती कथनातील उणीव समजून तिची बोळवण करणे सोपे आहे. ती कथनाच्या रचनेचाच भाग असावी, असे धरून पाहिले तर एका लहानशा गावातील एका ओबडधोबड दगडाची गोष्ट बरेच काही सांगू लागते.

हे गाव वेल्सच्या वायव्येकडील अँगल्सी बेटावर आहे. बेटाचे वेल्श नाव अनिस मोन, गावाचे ल्लानडव्रडॉग. तिथल्या संत टव्रडॉगच्या चर्चपासून काही अंतरावर, क्लोराख नावाच्या ठिकाणाजवळच्या शेतात एक दगड उभा आहे. उंचीने तो नजरेत भरणारा नाही. त्याहून कितीतरी उंच दगड त्याच बेटावर आहेत. मात्र एका बाजूने त्याला पोक आल्यासारखे दिसते, आणि सारी कथा त्या पोकातून निघालेली आहे. एका माणसाने चर्चमधून ग्रंथ चोरला, पोत्यात घातला, पोते खांद्यावर टाकून तो शेतातून निघाला आणि संताच्या कोपाने जागच्या जागी दगड झाला. पोक म्हणजे खांद्यावरचे पोते. चोराला मरणानेही सुटका मिळालेली नाही. नाताळच्या आदल्या रात्री बाराचे ठोके ऐकले की तो शेताला तीन फेऱ्या घालतो. कोणी दगडच फिरतो असे सांगतात, कोणी चोराचा आत्मा. चोरलेली वस्तू कोणी चर्चचे बायबल सांगतात, कोणी नुसतीच चर्चची पुस्तके.

गावकुसाबाहेरचा शेंदूर फासलेला दगड ज्याच्या परिचयाचा आहे, त्या मराठी वाचकाला इथे तुलनेचा मोह होईल. तो आवरलेला बरा. या कथेतल्या दगडाला कोणी नैवेद्य दाखवत नाही, नवस बोलत नाही. कोप आहे तो संताचा. दगड त्या कोपाचा विषय आहे. तो देवाचे ठाणे नाही, गुन्हेगार आहे, आणि त्याचा गुन्हा पुस्तकाचा आहे.

असे उभे दगड पुरातत्त्वाच्या हिशेबात बहुधा कांस्ययुगातले, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या आगेमागे रोवलेले. संत टव्रडॉग परंपरेने सहाव्या शतकातला. त्याच्या काळी चर्चमध्ये ग्रंथ असलाच तर तो लॅटिन आणि हस्तलिखित असणार. संपूर्ण बायबल वेल्श भाषेत आले ते १५८८ मध्ये, विल्यम मॉर्गन यांच्या भाषांतराने. नवा करार त्याआधी १५६७ मध्ये आला होता. आणि मध्यरात्रीचे ठोके देणारे घड्याळ हा कथेवर बसलेला आणखी अलीकडचा थर. एका शेतातल्या एका दगडावर इतके काळ एकमेकांत मिसळून बसले आहेत. लोककथा इतिहासाचा क्रम पाळत नाही, हे सांगण्यात नवे काही नाही. विचार करण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. दगडाच्या पोकात काय आहे हे ठरवण्याची मोकळीक गावाला होती. चांदीचा प्याला, धान्य, मेंढरू, यांपैकी काहीही चालले असते. गावाने ग्रंथ निवडला.

या निवडीचा अन्वयार्थ लावताना १५६३ चा एक कायदा ध्यानात घ्यावा लागतो. वेल्श बोलली जाते तिथल्या प्रत्येक चर्चमध्ये बायबल आणि प्रार्थनाग्रंथ त्या भाषेत ठेवावा, शेजारी इंग्रजी प्रतही ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहताना लोक इंग्रजी शिकतील, असा त्या कायद्याचा हेतू होता. घडले उलटे. दरबार, न्यायालय आणि कारभार यांतून बाहेर घातलेल्या भाषेला चर्चच्या व्यासपीठावर एक छापील, प्रतिष्ठित रूप मिळाले आणि त्या रूपाच्या आधाराने ती पुढची शतके टिकली. किंमत आवाक्यात येईल अशी लहान आकाराची आवृत्ती १६३० मध्ये निघाली. तोवर हा ग्रंथ प्रामुख्याने चर्चमध्ये ठेवायचा, मोठ्या आकाराचा आणि सगळ्या गावाने मिळून ऐकायचा होता. त्यानंतरही तो घरोघर पोहोचायला फार काळ गेला. १८०० साली मेरी जोन्स नावाची एक मुलगी बायबलची प्रत विकत घेण्यासाठी बाला गावापर्यंत सुमारे ४० किलोमीटर पायी चालत गेली, ही हकिकत वेल्समध्ये अजून सांगितली जाते. ज्या समाजात ग्रंथासाठी इतके चालावे लागते, त्या समाजाच्या कल्पनेत ग्रंथचोर साध्या चोरापेक्षा निराळा ठरतो. तो गावाची एकुलती एक लिखित भाषा खांद्यावर टाकून चालला आहे. हा अन्वयार्थ आहे, पुरावा नव्हे. ‘चर्चची पुस्तके’ म्हणणारे पाठ याहून जुन्या, लॅटिन ग्रंथांच्या आठवणीतले असू शकतील. पण कोणत्याही पाठात एक गोष्ट समान राहते आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. संताने चोराला शिक्षा केली, ग्रंथ मात्र परत मिळवला नाही. चोराबरोबर पोते दगड झाले, आणि पोत्याबरोबर आतला ग्रंथही. न्याय झाला आणि नुकसान कायम राहिले. परत मिळालेल्या वस्तूचा आनंद या कथेत कुठेही नाही, म्हणून बोधकथेच्या चौकटीत ती नीट बसत नाही.

दगडाच्या नावातही थोडे थांबण्यासारखे आहे. वेल्शमध्ये त्याला ‘कारेग लेइडर’ म्हणतात. ‘कारेग’ म्हणजे दगड. चोराला शब्द आहे ‘ल्लेइडर’, आणि तो लॅटिनमधील ‘लात्रो’वरून आलेला, म्हणजे रोमनांच्या मागोमाग आलेला आहे. ‘कारेग’ हे नाम स्त्रीलिंगी असल्यामुळे त्याला लागून येताच ‘ल्लेइडर’चे आद्य व्यंजन मृदू होते आणि ‘लेइडर’ उरते. मराठीत सामान्यरूपाने शब्दाचा शेवट बदलतो; वेल्शमध्ये शेजारच्या शब्दाच्या धाकाने शब्दाची सुरुवात बदलते. गावाच्या नावातही हेच घडले आहे. ‘ल्लान’ म्हणजे चर्चचे आवार; त्याला लागताच संत टव्रडॉगचा ‘ट’ जाऊन ‘ड’ झाला आणि ल्लानडव्रडॉग हे नाव तयार झाले. संताला आवाराने मऊ केले, चोराला दगडाने. इंग्रजीत ‘चोराचा दगड’ असे भाषांतर करताच अर्थ पोचतो आणि ही शेजारधर्माची खूण पुसली जाते.

या गावाविषयीचे एक फार जुने कथन उपलब्ध आहे आणि त्यात चोर नाही, तरी त्याचे काम करणारा दुसरा माणूस आहे. गिराल्डस काम्ब्रेन्सिस हा नॉर्मन आणि वेल्श अशा दोन्ही रक्ताचा धर्मपंडित ११८८ मध्ये आर्चबिशप बाल्डविनबरोबर तिसऱ्या क्रुसेडच्या प्रचारासाठी वेल्सभर फिरला आणि त्या प्रवासाचा वृत्तांत त्याने लॅटिनमध्ये लिहिला. अँगल्सीवरील प्रकरणात तो श्रूजबरीच्या ह्यू नावाच्या अर्लची हकिकत देतो. बेटावर चालून आलेल्या या नॉर्मन सरदाराने एका रात्री संत टव्रडॉगच्या चर्चमध्ये आपले कुत्रे बांधले. सकाळी ते पिसाळलेले आढळले आणि महिन्याच्या आत अर्ल स्वतः मेला. नॉर्वेचा राजा माग्नुस जहाजांतून बेटापाशी आला असता त्याचा बाण अर्लच्या उजव्या डोळ्यात घुसला. अंगभर चिलखत असताना तेवढी एकच जागा उघडी होती. ह्यूचा मृत्यू १०९८ मध्ये झाला हे इतिहासाला ठाऊक आहे. चर्चची विटंबना, शिक्षेला एका रात्रीची मुदत आणि सुटका नाही, हा सांगाडा चोराच्या कथेतही जसाच्या तसा आहे.

त्याच प्रकरणात एक दगडही आहे. माणसाच्या मांडीच्या आकाराचा हा दगड कितीही दूर नेला तरी रात्रीत आपल्या जागी परत येतो, असे गिराल्डस सांगतो. खात्री करून घेण्यासाठी ह्यू नावाच्या एका अर्लने तो साखळदंडांनी एका मोठ्या खडकाला बांधून समुद्रात फेकवला. सकाळी तो पुन्हा जागेवर होता. एका शेतकऱ्याने तो स्वतःच्या मांडीला बांधून पाहिला, तर मांडी सडली आणि दगड परतला. गिराल्डस ही समुद्राची घटना पहिल्या हेन्रीच्या कारकिर्दीत घालतो.   आक्रमकाला एकदा संत हरवतो आणि एकदा दगड. चोराची कथा गिराल्डसच्या या पानांतून उतरली असे म्हणण्याला आधार नाही, तशी गरजही नाही. विटंबना करणारा आणि हलणारा दगड या दोन गोष्टी बाराव्या शतकात या बेटावर शेजारी शेजारी सांगितल्या जात होत्या, एवढे पुरेसे आहे. केव्हा तरी विटंबना करणाराच दगड झाला.

आता तीन फेऱ्यांकडे. ‘बाराचे ठोके ऐकले की तो फिरतो’ या वाक्याची सारी मेख ‘ऐकले की’ या दोन शब्दांत आहे. अशा वाक्यांची रेलचेल वेल्समध्ये सर्वत्र आढळते. दक्षिणेकडील माएन ल्लिया हा साडेतीन मीटरहून उंच दगड कोंबड्याची बांग ऐकली की नदीवर पाणी प्यायला जातो. ओल्ड रॅडनॉरच्या चर्चची घंटा ऐकली की जवळच्या मैदानातले चार दगड हिंडवेल तळ्याकडे निघतात. दगडाला ऐकू येत नाही, म्हणून दगड हलत नाही, म्हणून विधान खोटे ठरण्याची सोयच उरत नाही. लोकविद्येच्या अभ्यासकांच्या ध्यानात ही गंमत पूर्वीच आलेली आहे. थट्टेचा एक प्रकार म्हणून ते तिची नोंद करतात. पण हे केवळ शब्दच्छल असते तर एकदा उलगडल्यावर कथा मरायला हवी होती. ती मेली नाही. मराठीतील ‘की’मध्ये निश्चिती आणि अट दोन्ही सामावतात, ‘पाऊस पडला की पेरणी’ म्हणणारा पाऊस पडेलच असे गृहीत धरतो आणि धरतही नाही. दगडाच्या कथेचा ऐकणारा याच दुहेरी जागेवर उभा असतो. लहान मुलाला ती भुताची गोष्ट असते, मोठ्याला कोडे; आणि एकाच चुलीपाशी बसून दोघेही तीच वाक्ये ऐकत असतात.

ती रात्र नाताळच्या आदल्या दिवसाची आहे, हेही विसरता येत नाही. उत्तर वेल्समध्ये त्या रात्री लोक झोपत नसत. पहाटेच्या अंधारात चर्चमध्ये ‘प्लगाइन’ नावाची गायनसेवा असे आणि तोवर जागे राहण्यासाठी घरोघर काकवीची चिवट मिठाई ओढत, गप्पा मारत लोक बसत. ‘प्लगाइन’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘कोंबड्याचे आरवणे’ असा आहे. सगळे गाव मेणबत्त्या घेऊन ज्या चर्चकडे निघण्याच्या तयारीत आहे, त्याच चर्चचा ग्रंथ खांद्यावर घेऊन एक जण बाहेर शेतात गोल फिरतो आहे. क्लोराखच्या विहिरींपाशी संत केबी आणि संत सेइरियोल बेटाच्या दोन टोकांहून येऊन भेटत, अशीही परंपरा आहे. सेइरियोल दोन्ही वेळा सूर्याला पाठ करून चाले म्हणून गोराच राहिला, केबी दोन्ही वेळा सूर्याला सामोरा जाई म्हणून रापला. मॅथ्यू आर्नल्ड यांनी या भेटीवर कविता लिहिली. त्यांच्या लेखनाच्या ओघात चोराला जागा मिळाल्याचे दिसत नाही. संत सरळ रेषेत चालतात, भेटतात आणि चालण्याची खूण चेहऱ्यावर वागवतात. चोर वर्तुळात चालतो. त्याला कोणी भेटत नाही आणि त्याच्यात काही बदलत नाही.

साक्षीदारांनी भरलेली भुताची गोष्ट वेल्समध्ये नव्हती असे नाही. एडमंड जोन्स या मॉनमथशायरमधील धर्मोपदेशकाने १७८० मध्ये वेल्समधील पिशाच्चदर्शनांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक हकिकतीमागे माणूस आहे, त्याचे गाव आहे, तो सत्यवचनी असल्याची ग्वाही आहे. पिशाच्चे नाकारली की आत्मा नाकारला जातो आणि आत्मा नाकारला की ईश्वर, अशी जोन्स यांची धास्ती होती. म्हणून त्यांना भुते पुरावा म्हणून हवी होती. त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्याची जी मीमांसा केली, तिच्यात नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानता हा निकष आहे. जोन्स यांची पिशाच्चे त्या निकषावर घासून पाहता येतात, कारण तिथे कोणीतरी पाहिलेले आहे आणि पाहणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न उभा राहतो. ल्लानडव्रडॉगच्या दगडापाशी हा प्रश्नच निर्माण होत नाही. तिथे विश्वास मागितलेला नाही, केवळ वाक्य पुढे सांगण्याची अपेक्षा आहे. संरचनेच्या भाषेत बोलायचे तर जोन्स यांची कथा भूतकाळात घडते आणि दगडाची कथा नित्य वर्तमानात. दगडाने ‘त्या वर्षी’ फेऱ्या घातल्या असे कोणी म्हणत नाही.

शिक्षित मंडळींना या दगडांत चोर दिसला नाही, ड्रुइड दिसले. रोमन फौजांनी पहिल्या शतकात या बेटावर येऊन ड्रुइडांचा नाश केल्याचे तासितसने लिहून ठेवले होते. त्याच बेटावरील ल्लानिडान गावचे धर्मगुरू हेन्री रोलंड्स यांनी १७२३ च्या आपल्या ग्रंथात बेटावरील प्राचीन दगडांना ड्रुइडांची देवस्थाने ठरवले. पुढे प्रतिभावान आणि बनावट जुनी हस्तलिखिते रचणारे योलो मॉर्गानुग यांनी १७९२ मध्ये लंडनमधील प्रिमरोझ टेकडीवर खडे मांडून ड्रुइड-कवींचा सोहळा सुरू केला. त्यातून वेल्समध्ये गावोगावी नवी शिळावर्तुळे उभी राहिली. या शतकात त्या राष्ट्रीय सोहळ्यासाठी फायबरग्लासचे हलके दगड वापरले जाऊ लागले आहेत. ते दरवर्षी नव्या गावी नेता येतात. वेल्समध्ये खरोखर प्रवास करणारे दगड एवढेच, आणि त्यांच्याविषयी भुताची गोष्ट कोणी सांगत नाही.

गावाने आपल्या कथेत ड्रुइडाला घेतले नाही आणि विद्वानांनी आपल्या ग्रंथात चोराला बराच काळ घेतले नाही. त्यामागे तुच्छता होती तशी भीतीही होती. वेल्श न येणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी १८४७ मध्ये शिक्षणविषयक अहवाल दिला आणि लोकांच्या अज्ञानाचे व अनीतीचे खापर त्यांच्या भाषेवर आणि धर्मपंथावर फोडले. हा प्रसंग ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणून ओळखला जातो. अशा आरोपानंतर सुशिक्षित वेल्श माणसाला चालणाऱ्या दगडांची गोष्ट उघडपणे सांगणे जड जाणारच. ऑक्सफर्डचे पहिले केल्टिक प्राध्यापक जॉन ऱ्हीस यांनी १९०१ च्या आपल्या लोकविद्याग्रंथात खंत व्यक्त केली आहे ती याच संदर्भात वाचावी. त्यांच्या बालपणी अशा गोष्टी ऐकणेही पाप मानले जाई आणि त्या गोळा करण्याची संधी त्यामुळे हातची गेली. जे गोळा झाले ते बहुतांशी इंग्रजीत छापले गेले: कार्डिफमधील अमेरिकन वाणिज्यदूत वर्ट साइक्स यांचे पुस्तक १८८० चे, एलायस ओवेन यांचे १८९६ चे. संग्राहकांनाच ग्रंथचोर ठरवणारे समीक्षण या टप्प्यावर सहज लिहिता येईल आणि ते अन्यायाचे होईल. ऱ्हीस आणि ओवेन यांची ती स्वतःचीच भाषा होती. त्यांनी लिहिले नसते तर कथेचा बराच भाग आज हाती नसता. तरीही कथा इंग्रजीत जाताना काय गळले याचा हिशेब मांडावाच लागतो. ‘ऐकले की’ची दुहेरी जागा गेली, ‘लेइडर’चा मऊ ‘ल’ गेला आणि नाताळची जागरणाची रात्र पंचांगातली एक तारीख झाली. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधील तीन वर्षांवरील लोकांपैकी १७.८ टक्के लोक वेल्श बोलू शकत होते. अँगल्सीवर हे प्रमाण ५५.८ टक्के होते. म्हणजे या बेटावर ही कथा मूळ वाक्यात ऐकणारे कान अजून आहेत.

मांडीच्या आकाराच्या दगडाचे पुढे काय झाले, ते रोलंड्स यांनीच नोंदवले आहे. तो दगड फार काळ त्यांच्या ल्लानिडानच्या चर्चच्या आवाराच्या भिंतीत बसवलेला होता. आपल्या पॅरिशविषयीच्या लॅटिन टिपणात ते लिहितात त्याचा आशय असा, की अलीकडच्या वर्षांत तो कोणीतरी उचलून नेला. त्याला धरून ठेवणारी पूर्वीची शक्ती वार्धक्याने उडून गेली असावी. गावाचे त्यात काही नुकसान झाले नाही आणि नेणाऱ्याचाही काही लाभ झाला नाही. समुद्राच्या तळातून एका रात्रीत परतलेला तो दगड या वेळी परत आला नाही. नेणारा कोण, हे रोलंड्स यांना ठाऊक नव्हते, आणि त्याचे पुढे काय झाले याविषयी ते काही लिहीत नाहीत.